नाव कळल्यावरच खुर्ची

१

आमच्या भागात भुताला राहायला जागाच नाही, असं मी नेहमी म्हणायचे. भूत म्हटलं की जुनं घर हवं, जुनं झाड हवं, निदान कुणाचे तरी पणजोबा तिथे पुरलेले हवेत. आमची तर जमीनच माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी. त्याआधी इथे पाणी होतं. बांध घातला, पंप लावले, पाणी उपसलं, आणि तळाचा निळा चिखल वाळवून त्यावर हॉलंडने शेतं आखली. माझे वडील त्या चिखलात गुडघाभर रुतत आले आणि इथलेच झाले. अजूनही बांध फुटला, तर समुद्र माझ्या स्वयंपाकघरात छतापर्यंत येईल. पण त्याची भीती इथे कुणाला वाटत नाही. सवय झाली की समुद्रही शेजारी होतो.

पाणी गेलं, पण पाण्यात पडलेलं तिथेच राहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत या भागावरून रोज विमानं जायची आणि त्यातली कितीतरी परत गेली नाहीत. ती आता नांगराला लागतात. लष्कराचे लोक येऊन खणतात, दारूगोळा काढतात, हाडं असतील तर सन्मानाने नेतात. उरलेला पत्रा, नळ्या, चाकं कुणालाच नको असतात. ते सगळं आमच्याकडे येतं.

आम्ही म्हणजे मी आणि हार्मन. मी वीत्स्के, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. हार्मनचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, ते आता त्याचा मुलगा बघतो. बटाटे साठवायचं एक जुनं कोठार आम्हाला फुकट मिळालंय. तिथे आम्ही तुकडे धुतो, घासतो आणि ते कुठल्या विमानाचे, कुणाच्या विमानाचे, ते शोधतो. हार्मनची बायको याला आमचं दुसरं लग्न म्हणते. चिखलाचा वास सोडला तर तिला यात आक्षेप घेण्यासारखं काही सापडलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात बाउके नावाच्या शेतकऱ्याच्या साखरबिटाच्या शेतातून एक जर्मन विमान निघालं. एका माणसाचं, लढाऊ, मेसरश्मिट. हे ओळखायला मला काही कष्ट पडले नाहीत. पहिल्याच सुट्या भागावर ठोकलेले आकडे ८-१०९ ने, म्हणजे या जातीच्या क्रमांकाने, सुरू होत होते, म्हणजे प्रश्नच मिटला. विमान नाकावर येऊन उभंच्या उभं चिखलात घुसलेलं. निळ्या चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे कापडसुद्धा कुजत नाही. काचेचं झाकण चौकटीसकट मिळालं. त्याची कडी आतून लावलेली. खुर्ची मिळाली, तिच्यावरचे पट्टे मिळाले. पट्ट्यांचं बक्कलही लावलेलं.

आणि आत कुणीच नव्हतं.

लष्कराच्या लोकांनी तो चिखल दोनदा चाळला. हाड नाही, दात नाही, बुटाचा खिळा नाही. त्यांचा साहेब जाताना मला म्हणाला, "बाई, असं मी पहिल्यांदा बघतोय." मी म्हटलं, "कशाला तरी पहिली वेळ असतेच." मला असली वाक्यं सुचतात, हा माझा जुना दोष आहे.

२

आमची एक रीत आहे. कोठाराच्या फरशीवर आम्ही खडूने विमानाची आकृती काढतो, खऱ्या मापाची. जसजसा तुकडा ओळखू येईल, तसतसा तो आपल्या जागी ठेवायचा. हळूहळू आकृती भरत जाते. हे आम्हाला सीट्सने शिकवलं. सीट्स म्हणजे ज्याने हे काम सुरू केलं तो म्हातारा, आता नाही. त्याचा एकच नियम होता. खुर्ची भिंतीशी ठेवायची, तोंड भिंतीकडे करून. वैमानिकाचं नाव कळलं, की मगच ती आकृतीत मांडायची आणि शेजारी खडूने नाव लिहायचं.

"का?" मी एकदा विचारलं होतं.

"तू पाहुण्याचं नाव माहीत नसताना त्याला बस म्हणतेस का?" सीट्स म्हणाला. मला ते पटलं होतं. तेव्हा मी त्याकडे सभ्यपणा म्हणून बघत होते.

इंजिन आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठारात गेले, तर हार्मन आधीच आलेला. हातात कॉफी, मान तिरकी.

"वीत्स्के, हे कुणी चालवलं होतं का गं आत्ता?"

मी ऐकलं. टक. मग बराच वेळ काही नाही. टक, टक. तुम्ही कधी लांबून गाडी चालवत आला असाल, इंजिन बंद करून दाराशी उभे राहिला असाल, तर हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. तापलेलं लोखंड निवतं, तेव्हा ते असं बोलतं.

"चिखल सुकतोय," मी म्हटलं. "सुकताना आक्रसतो. पत्रा सुटतो. त्यात काय?"

"तू म्हणशील तसं, मास्तरीणबाई." त्याने इंजिनाला वाकून नमस्कार केला. "साहेब, प्रवास कसा झाला?"

आम्ही हसलो. कॉफीबरोबर एकेक बिस्कीट खाल्लं, हार्मनने दुसरं चोरलं. मग मी हातमोजा काढून इंजिनावर तळवा ठेवला, उगीच. एक्झॉस्टच्या नळ्यांपाशी ते कोमट होतं. खिडकीतून ऊन येत असणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि कामाला लागले. कोठाराला एकच खिडकी आहे, ती उत्तरेला. हे मला दुपारी सूप पिताना आठवलं.

३

नाव मिळालं ते इंजिनावरच्या पत्र्यामुळे. हे पत्रे कारखान्यात हाताने ठोकून बसवलेले असत. एका विमानाचा पत्रा दुसऱ्याला नीट बसायचा नाही, म्हणून आतल्या बाजूला विमानाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे रंगवून ठेवत. मी आतून चिखल काढला, पत्रा तिरक्या उजेडात धरला, आणि रंगाचे तीन आकडे वर आले.

"सावकाश," हार्मन म्हणाला. "हे पत्रे उसने फिरायचे. घाई असली की शेजारच्या विमानाचा काढून ठोकून बसवायचे. आपल्याकडे शेजारणीची पातेली फिरतात तसे. विमानाच्या अंगावरची, पूर्ण क्रमांकाची मुख्य पट्टी मिळू दे, मग बोलू."

त्याचं बरोबर होतं. पण मुख्य पट्टी मिळत नव्हती, ती कुठल्यातरी चिखलाच्या ढेपेत असणार. आणि तीन आकडे एका हरवलेल्या विमानाशी चपखल जुळत होते. लढाईतला हिवाळा, हाच भाग, वैमानिक बेपत्ता. एगर्ट टीसेन, उत्तर जर्मनीतल्या हूझुम गावचा. त्याची बहीण अजून हयात होती, इर्मट्राउट. वय सत्त्याऐंशी. जर्मनीतल्या एका कार्यालयाने तिचा फोन नंबर दिला. सत्त्याऐंशीच्या माणसाला थांब म्हणवत नाही.

माझं जर्मन बरं आहे. मी तिला सांगितलं, पक्कं नाही, पण बहुतेक.

ती रडली नाही. "मला एवढंच सांग पोरी," ती म्हणाली. मी पासष्टची, तरी तिची पोरगीच. "तो आत होता का?"

असं का विचारताय, म्हणून मी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं. लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात, दिवस मावळताना त्यांच्या घराचं दार वाजलं. घरात आई आणि ही, दोघीच. तेव्हा रस्त्यांवर कोण कोण हिंडत होतं, नको नको ते घडत होतं. आईने हिला टेबलाखाली ओढलं आणि तोंडावर हात दाबून धरला. दार बराच वेळ वाजत राहिलं. मग थांबलं.

"आई मरेपर्यंत म्हणत होती, तो नव्हता. मी म्हणत होते, तोच होता. आम्ही त्याला बाहेर ठेवला, पोरी. मी लग्न केलं नाही, घर विकलं नाही. तो जर त्या विमानातच गेला असेल, तर दारावर दुसरं कुणीतरी होतं. एवढं कळलं तर मी सुखाने मरेन."

बक्कल लावलेलं होतं. कडी आतून होती. बाहेर कुणी पडलं नव्हतं, हे कुठलाही शहाणा माणूस सांगेल. मी म्हटलं, "तुम्ही या. मी तुम्हाला सगळं दाखवते."

फोन ठेवून मी भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची उचलली. नियमाप्रमाणे ती आकृतीत तिच्या जागी मांडली, पट्टे तिच्यावर सपाट पसरले, बक्कल होतं तसंच लावलेलं ठेवलं. घोडीच्या आधाराने काचेचं झाकण वर बसवलं, खालून हात जाईल एवढी जागा सोडून. शेजारी खडूने नाव लिहिलं, एगर्ट टीसेन. आकृती आता जवळजवळ भरली होती, आणि मला अभिमान वाटला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

४

त्यानंतर टकटक बदलली.

आधी ती कशीही व्हायची, पाऊस पानावर पडावा तशी. आता तिला चाल आली. दोन, थांबून एक. दोन, थांबून एक. आणि ती इंजिनाकडून येत नव्हती. इंजिन कोठाराच्या दाराशी होतं, आवाज मधून येत होता, काचेच्या झाकणाकडून.

"उंदीर," मी म्हटलं.

"उंदराला ताल कळतो?" हार्मन म्हणाला. पण या वेळी त्याने नमस्कार वगैरे केला नाही. तो तेलाचा डबा घेऊन झाकणाच्या कडीपाशी बसला. तेल सोडलं, पक्कड लावली, सगळा जोर लावला. कडी हलली नाही. गंजून चौकटीशी एकजीव झाली होती. "ही आता जगबुडीलाच उघडेल," तो म्हणाला आणि हात पुसत लांब जाऊन बसला.

खुर्ची रोज सकाळी ओली असायची. मी ती पुसायचे, हीटर लावायचे, संध्याकाळी खडखडीत कोरडी करून जायचे. सकाळी पुन्हा तिच्या खोलगट बुडात पाणी. एकदा मी बोट बुडवून चाखलं. रसायनशास्त्राच्या बाईने असं करू नये. खारट होतं. आमच्या भागातलं पाणी माझ्या जन्माआधीच गोडं झालंय.

मी छपराकडे बघितलं, गळती शोधली, सापडली नाही. काचेवर आतून वाफ धरलेली दिसली, खुर्चीवर बसलेल्याचं तोंड येईल त्या उंचीला, बशीएवढी. मी कारणांची यादी करत राहिले. दमट हवा, ओली खुर्ची, थंड काच. कारणं सगळी खरी होती, आणि मला त्या कोठारात एकटीने पाठ फिरवून काम करवेना.

५

टीसेनबाई यायच्या त्या दुपारी हार्मनला डॉक्टरकडे जायचं होतं. "थांबू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "जा रे, मी काय कुकुलं बाळ आहे?"

तो गेला आणि थोड्याच वेळात आवाज आला. दोन, थांबून एक. खूप मोठा.  मी झाकणाकडे बघत राहिले. पुन्हा दोन, थांबून एक. मी तोंडावर हात दाबून धरला, का ते मला सांगता येणार नाही. मग बाहेरून बारीक आवाज आला, "कुणी आहे का आत? थंडी वाजतेय."

आवाज कोठाराच्या दाराचा होता.

मी धावत जाऊन उघडलं. दारात एक लहानखुरी म्हातारी, लोकरीची टोपी, काठी. मागे गाडीत तिचा शेजारी योर्न बसलेला, त्याने हात केला.

"माफ करा," मी म्हटलं, "मला वाटलं..."

"आमच्या घरची वाजवायची पद्धत आहे ती," ती आत येत म्हणाली. "दोन आणि एक. वडिलांनी घालून दिलेली. म्हणजे परका कोण ते कळतं." तिने खडूतलं नाव वाचलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "त्या संध्याकाळीही असंच वाजलं होतं. आई म्हणे, कुणी ऐकून शिकलं असेल."

 मी तिला बसायला स्टूल दिलं, कॉफी दिली. तिने मला फार वेळ दिला नाही.

"आता सांग. तो आत होता का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला जे हवं होतं ते माझ्या हातात होतं आणि द्यायला पैसे पडत नव्हते. "आत होता," मी म्हटलं. "बक्कल लावलेलं, कडी लावलेली. तो बाहेर पडलाच नाही, टीसेनबाई. तुमच्या दारावर तो नव्हता."

तिचे खांदे खाली आले. तोंड इतकं सैल झालं की ती क्षणभर लहान मुलीसारखी दिसली. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली.

आणि काचेवर वाजलं. दोन. मग थांबून एक.

ती उठली. मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवला, रागाने नव्हे.

"या वेळी तोंड दाबायला आई नाही," ती म्हणाली.

मी ओरडून सांगितलं, कडी गंजलीय, हलणार नाही, हात कापेल. तिने त्या कडीवर दोन बोटं ठेवली आणि ती फिरली. घरच्या दाराची फिरावी तशी. झाकण उजवीकडे कललं.

मी जे पाहिलं ते एवढंच. मी सपाट पसरलेले पट्टे सपाट नव्हते. ते उभे होते, फुगून, खांद्यांवरून छातीवर यावेत तसे भरलेले, आणि त्यांच्या आत कोठाराची पलीकडची भिंत दिसत होती. मग बक्कल वाजलं आणि पट्टे खाली पडले.

म्हातारी बाजूला सरली, दारात माणूस वाट देतो तशी. "ये," ती म्हणाली. "किती भिजलायस."

६

मी तिला गाडीपर्यंत सोडलं. म्हणजे ती पुढे आणि मी बरीच मागे. ती मागच्या सीटवर बसली आणि योर्नला म्हणाली, "पुढची त्याला राहू दे. त्याचे पाय लांब आहेत."

योर्नने माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. म्हातारं माणूस, दिवस मोठा होता, असं त्याला म्हणायचं असणार. त्याने गाडी सुरू केली आणि ती पिंपिं करायला लागली, पुढच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की करते तशी.

"सेन्सर मेला वाटतं," योर्न कुरकुरला. त्याने वाकून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि बक्कल लावलं. गाडी गप्प झाली.

बांधावरून ते जाईपर्यंत मी उभी होते. कोठारात परत गेले तेव्हा इंजिन गार पडलं होतं. खुर्ची कोरडी होती. मला खूप रडू आलं, आणि ते भीतीचं होतं की आनंदाचं, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही.

७

शनिवारी हार्मनने शेवटची ढेप फोडली. मी कॉफी गाळत होते.

"वीत्स्के," तो म्हणाला. "इकडे ये. चुकलंय आपलं."

त्याच्या तळहातावर मुख्य पट्टी होती, धुतलेली, प्रत्येक आकडा स्वच्छ. क्रमांक एगर्टच्या विमानाचा नव्हता. त्याच तुकडीतल्या, त्याच दिवशी हरवलेल्या दुसऱ्या विमानाचा होता. पत्रा उसना होता. हार्मनने दुपारपर्यंत नावही काढलं, चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिलं. त्या माणसाची मुलगी ऑस्ट्रियात, ग्राझला राहते. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती.

"आधी हूझुमला कळव," तो म्हणाला. "बिचारीला खोट्या आशेवर ठेवणं बरं नाही. ती कडी मात्र तेलाने सुटली बघ शेवटी."

मी फोन लावला. टीसेनबाईंनी लगेच उचलला. आवाज इतका तरतरीत की मी नंबर पुन्हा बघितला.

"बोल पोरी! वाटाण्याचं सूप केलंय, दोघांचं. खातो कसा काय विचारू नकोस. पण ताट ओलं होतं."

मी डोळे मिटले आणि सांगून टाकलं. चूक झाली. ते विमान एगर्टचं नव्हतं. आत एगर्ट नव्हता.

 तिच्यामागे, खोलीत कुठेतरी, टक. टक, टक. तापलेलं लोखंड निवताना. तिने फोनवर हात ठेवला, कुणाशी तरी बोलली. परत आली तेव्हा तिच्या आवाजात दुःख नव्हतं, नुसता निरोप होता.

"तो विचारतोय," ती म्हणाली, "मग माझं नाव काय?"

चिठ्ठी माझ्या मुठीत होती. मी ओठ घट्ट मिटले. वाटलं, नाही सांगितलं तर निदान तिच्याकडे तरी राहील. ती सूप करेल, तिचं दार बंद होणार नाही, तिच्या उरलेल्या दिवसांत तिला आणखी काय हवंय?

मग खरखर ऐकू आली. मी वळून बघितलं. हार्मन गुडघ्यांवर बसला होता. त्याने एगर्टचं नाव फडक्याने पुसलं होतं आणि खुर्चीशेजारी नियमाप्रमाणे दुसरं नाव लिहीत होता. त्याचं अक्षर सुंदर आहे. शेवटचं अक्षर तो काढत असताना मी "थांब!" म्हणून ओरडले.

फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला. वारा आला. आणि म्हातारीची हाक, आधी जवळून, मग पायऱ्यांवरून, मग रस्त्यावरून.

"एगर्ट! अरे, कुठे निघालास? एगर्ट, कोट तरी घाल!"

हार्मन खडू झटकत उठला. "झालं," तो म्हणाला. "आता ग्राझला फोन तू करतेस की मी करू?"

ग्राझच्या त्या घरात दार कसं वाजवतात, ते मला माहीत नाही. त्याला मात्र एव्हाना माहीत असेल.